घरोघरच्या प्रचारकार्याच्या नोंदी मोबाइल अ‍ॅपमध्ये कशा ठेवायच्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यहोवाच्या साक्षीदारांपैकी बरेच भाऊ-बहिणी आता वहीऐवजी फोनवर नोंदी ठेवतात. क्षेत्रात (प्रचारासाठी वाटून दिलेल्या भागात) जाताना, चहाच्या सुट्टीत, सभेनंतर जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं कोणत्याही एका अ‍ॅपपुरती नाहीत. बटणांची नावं वेगळी असतील, काम सगळीकडे तेच.

अ‍ॅप वापरायलाच हवं का? माझी वही चांगली चालते.

मुळीच नाही. वही चालत असेल तर वहीच ठेवा. अ‍ॅपचा खरा फायदा तीन ठिकाणी होतो: पुनर्भेटी (आवड दाखवलेल्या लोकांकडे पुन्हा जाणं) जास्त असतील आणि कोणाकडे कधी जायचं हे लक्षात राहत नसेल तेव्हा, क्षेत्र मोठ्या इमारतींचं असेल तेव्हा, आणि पायनियर (ठरावीक तास प्रचार करणारे) म्हणून तासांचा हिशोब ठेवायचा असेल तेव्हा. महिन्यातून दोन-तीनदा सेवेला जाणाऱ्या आणि एक-दोन पुनर्भेटी असणाऱ्या प्रचारकाला अ‍ॅप शिकण्यातच वेळ जाईल. तो वेळ त्या पुनर्भेटीच्या तयारीला दिलेला बरा.

कोणतं अ‍ॅप निवडावं?

नाव सुचवण्यापेक्षा पारख कशी करायची ते सांगते. अ‍ॅप घेतल्यावर फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि एक खोटी नोंद करून बघा. नोंद झाली, शोधल्यावर सापडली, तर पहिली परीक्षा पास. मग सेटिंगमध्ये जाऊन सगळ्या नोंदी फाइल म्हणून बाहेर काढता येतात का ते पाहा. ती सोय नसेल तर अ‍ॅप बनवणाऱ्याने उद्या काम बंद केलं की तुमच्या नोंदीही गेल्या. तिसरं म्हणजे अ‍ॅपला स्वतःचं कुलूप हवं, पिन किंवा बोटाचा ठसा. आणि चौथं, नोंदी कुठे साठतात हे स्पष्ट लिहिलेलं हवं: तुमच्या फोनवर, तुमच्या स्वतःच्या क्लाउड खात्यात, की अ‍ॅप बनवणाऱ्याच्या सर्व्हरवर. तिसरा पर्याय असेल तर मी ते अ‍ॅप घेणार नाही. लोकांनी दारात आपल्याला विश्वासाने सांगितलेली गोष्ट अनोळखी माणसाच्या सर्व्हरवर पडून राहावी, हे मला पटत नाही.

इन्स्टॉल करताना अ‍ॅप संपर्कयादी, मायक्रोफोन, फोटो असं सगळंच मागत असेल तर नाही म्हणा. लोकेशनची परवानगी द्यायची तर ‘फक्त अ‍ॅप वापरताना’ एवढीच द्या. बॅटरीही वाचते.

जेडब्ल्यू लायब्ररीमध्येच नोंदी ठेवल्या तर?

ते अ‍ॅप प्रकाशनं वाचायला आणि व्हिडिओ दाखवायला आहे. त्यातल्या टिपा वचनांना आणि परिच्छेदांना जोडलेल्या असतात. तिथे लोकांचे पत्ते लिहायला लागलात तर अभ्यासाच्या टिपा आणि पत्ते यांची सरमिसळ होईल. पुढच्या भेटीत कोणतं वचन दाखवायचं, त्याची तयारी मात्र तिथे जरूर करा.

एका दाराची नोंद कशी असावी?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण बहुतेक नोंदी एकतर फार त्रोटक असतात नाहीतर फार लांब. ‘चांगली भेट, परत जाणे’ असं लिहिलं की तीन आठवड्यांनी स्वतःलाच काही कळत नाही. दुसरीकडे काहीजण घरात कोण कोण आहे, कोणाची नोकरी गेली, कोणाला कोणता आजार आहे, हे सगळं उतरवून काढतात. त्यातलं बरंचसं आपल्या कामाचं नसतं.

नोंदीत हवं ते एवढंच: जागा, तारीख आणि साधारण वेळ, भाषा, कशावर बोललो, काय दाखवलं किंवा दिलं, कोणता प्रश्न पुढच्या भेटीसाठी सोडला, आणि कधी यायचं ठरलं. एक नमुना बघा:

‘ब विंग, ३०४. शनिवार सकाळ ११. मराठी. देवाला आपल्या दुःखाची पर्वा आहे का यावर बोललो, १ पेत्र ५:७ दाखवलं. पुढचा प्रश्न: मग देव दुःख का थांबवत नाही? पुढच्या शनिवारी याच वेळेला या म्हणाल्या.’

चार-पाच ओळी. यात त्या बाईंचं नाव नाही, धर्म नाही, घरची परिस्थिती नाही. तरीही पुढच्या शनिवारी दार उघडल्यावर बोलणं नेमकं कुठून सुरू करायचं ते तुम्हाला माहीत आहे. ‘पुढचा प्रश्न’ हा भाग मी सगळ्यात आधी भरते. बाकी विसरलं तरी चालेल, पण सोडलेला प्रश्न विसरलो तर समोरच्याला वाटतं की आपण त्याचं ऐकलंच नव्हतं.

लिहिताना स्वतःला एक गोष्ट विचारत जा: ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांनी खांद्यावरून वाकून ही नोंद वाचली तर मला संकोच वाटेल का? वाटणार असेल तर ते वाक्य काढून टाका. ‘चिडका माणूस’, ‘नवऱ्याला घाबरते’, ‘पैशाची अडचण दिसते’ असे शेरे नोंदीत नकोत. माणसाबद्दलची काळजी मनात असू दे, प्रार्थनेत असू दे. अ‍ॅपच्या रकान्यात ती परक्याच्या हाती पडू शकते.

घरमालकाचं (ज्यांच्याशी दारात बोललो त्यांचं) नाव आणि फोन नंबर लिहिता येतो का?

त्यांनी स्वतःहून दिला आणि तुम्ही ‘लक्षात राहावं म्हणून लिहून ठेवू का?’ असं विचारलं, त्यांनी हो म्हटलं, तर लिहा. दारावरची पाटी वाचून नाव उतरवू नका. शेजाऱ्याने सांगितलेलं तर नाहीच नाही.

हा फक्त शिष्टाचाराचा भाग नाही. फिनलंडमध्ये २०१३ साली माहिती संरक्षण मंडळाने घरोघरच्या प्रचारकार्यातल्या नोंदींबद्दल आदेश दिला आणि ते प्रकरण पुढे युरोपियन युनियनच्या न्यायालयात गेलं. १० जुलै २०१८ रोजी न्यायालयाने निकाल दिला की दारोदार जाऊन घेतलेल्या अशा नोंदी ‘निव्वळ खासगी किंवा घरगुती’ कामात मोडत नाहीत, त्यांना माहिती संरक्षणाचा कायदा लागू होतो. नाव-पत्ते नंतर सहज शोधता येतील अशा रीतीने मांडलेले असतील तर तो ‘माहितीचा संग्रह’ ठरतो, मग त्यासाठी खास कार्डं किंवा याद्या केलेल्या असोत वा नसोत. प्रचारकाबरोबर त्याच्या धार्मिक समुदायाचीही त्यात जबाबदारी येते, समुदायाने त्या नोंदी पाहिल्या नसल्या तरी. पुढे मानवी हक्कांच्या युरोपियन न्यायालयानेही ९ मे २०२३ रोजी म्हटलं की घरमालकाची संमती मागायला लावल्याने धर्मस्वातंत्र्याचा भंग होत नाही.

वहीतल्या विस्कळीत टिपणांबद्दल एखादा वाद घालू शकेल. अ‍ॅपबद्दल नाही. शोधण्यासाठीच तर अ‍ॅप आहे! इमारत टाका, नाव टाका, नोंद समोर. त्यामुळे वहीपेक्षा अ‍ॅप वापरणाऱ्याने जास्त जपून राहायला हवं. युरोपात एखाद्याच्या धार्मिक मतांची माहिती विशेष संवेदनशील मानली जाते, आणि आपली तर बहुतेक संभाषणं त्याच विषयावर होतात. तुमच्या देशात कायदा काय आहे आणि शाखा कार्यालयाच्या सूचना काय आहेत, ते वडिलांना (मंडळीची, म्हणजे स्थानिक साक्षीदारांच्या गटाची, देखरेख करणाऱ्या भावांना) विचारून घ्या आणि त्याप्रमाणेच करा. या पानावरचा सल्ला त्या सूचनांच्या वर नाही.

दारात उभं राहून टाइप केलं तर चालेल का?

नको. समोरचा माणूस बोलत असताना आपण खाली फोनकडे पाहिलं की संभाषण तिथेच संपतं. आणि दार बंद झाल्यावर लगेच त्याच पायरीवर उभं राहून टाइप करणंही बरं दिसत नाही. पीपहोलमधून पाहणाऱ्याला वाटतं की आपल्याबद्दल काहीतरी लिहिलं जातंय. मजला उतरा, जिन्याच्या वळणावर थांबा, दोन मिनिटांत नोंद करा. जोडीदार तोपर्यंत पुढचं दार ठरवेल. संध्याकाळी घरी जाऊन लिहिण्यावर मात्र विसंबू नका. दहा दारं झाल्यावर कोणता प्रश्न कोणाकडे सोडला होता, याचा गोंधळ होतोच.

घरमालक स्वतःच म्हणाले, ‘काय लिहिताय?’

फोन त्यांच्याकडे वळवा आणि दाखवा. ‘तुम्ही विचारलेला प्रश्न लिहून ठेवतेय, म्हणजे पुढच्या वेळी उत्तर शोधून आणता येईल. तुम्हाला नको असेल तर पुसते.’ नको म्हणाले तर त्यांच्यासमोर पुसा. नोंद स्वच्छ असेल तर हा क्षण अवघड जात नाही.

‘घरी नाही’ची नोंद कशी ठेवावी?

फक्त पत्ता, वार आणि वेळ. वार आणि वेळ यांनाच इथे किंमत आहे: मंगळवारी सकाळी अकराला कुलूप असलेलं घर पुन्हा मंगळवारी सकाळी अकराला वाजवून काय उपयोग? अ‍ॅपमध्ये वेळेनुसार गाळणी लावता येत असेल तर संध्याकाळी जाताना फक्त ‘सकाळी बंद होती’ अशी घरं काढा. निम्मी दारं तरी उघडतील अशी आशा ठेवून निघता येतं.

‘दिवसभर कोणी नसतं’, ‘महिनाभर गावाला’ असं लिहू नका. घर रिकामं असल्याची यादी चुकीच्या हाती पडली तर त्या कुटुंबाचं नुकसान होऊ शकतं.

‘पुन्हा येऊ नका’ असं सांगितलं तर?

तुमच्या अ‍ॅपमध्ये तांबडी खूण करून भागत नाही, कारण पुढच्या वेळी ते क्षेत्र दुसऱ्या कोणाकडे असेल. क्षेत्रांची जबाबदारी पाहणाऱ्या भावाला त्याच दिवशी पत्ता आणि तारीख कळवा. कारण, नाव, काय बोलले, यातलं काही लागत नाही. त्या घरची तुमच्याकडे जुनी पुनर्भेटीची नोंद असेल तर ती काढून टाका. त्यांनी स्पष्ट सांगितलंय, त्याचा मान ठेवायचा.

नकाशावरची खूण भलत्याच इमारतीवर पडते. काय करू?

जीपीएस मोकळ्या आकाशाखाली साधारण ५ मीटरपर्यंत बरोबर असतं. उंच इमारतींमध्ये सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि खूण रस्त्यापलीकडे जाते. मजला तर त्याला कळतच नाही, म्हणजे एकाच जागी आठ मजल्यांच्या खुणा एकावर एक पडतात. इमारतीसाठी एकच खूण करा, ती हाताने सरकवून प्रवेशद्वारावर ठेवा, आणि आत विंग, मजला, दार असं अक्षरांत लिहा. बैठ्या घरांच्या भागात जिथे क्रमांक नाहीत तिथे ‘निळं फाटक, विहिरीसमोर’ अशी ओळख जीपीएसपेक्षा जास्त कामाला येते.

नेटवर्क नसलेल्या भागात अ‍ॅप चालतं का?

नोंदी फोनवरच साठवणारं असेल तर चालतं. नकाशा मात्र आधी घरून डाउनलोड करून ठेवा.

दोन उपकरणं वापरणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. नेटवर्क नसताना फोनवर एक बदल केला आणि घरी टॅबवर त्याच नोंदीत दुसरा बदल केला, तर नेटवर्क आल्यावर बऱ्याच अ‍ॅपमध्ये नंतरचा बदल राहतो आणि आधीचा निघून जातो, तेही न सांगता. सेवेतून आल्यावर आधी फोन वायफायवर आणा, नोंदी जुळू द्या, मगच टॅब उघडा.

जोडीने जातो तेव्हा नोंद कोणी करायची?

जो त्या दारात बोलला त्याने. दोघांनी केली की एकाच घरी दोघं वेगवेगळ्या दिवशी परत जातात, आणि घरमालक वैतागतो. पुनर्भेट दुसऱ्याने घ्यायची ठरली, उदाहरणार्थ त्या बाई म्हणाल्या की एखाद्या साक्षीदार बहिणीशी बोलायला आवडेल, तर माहिती तोंडी सांगा किंवा तेवढी एकच नोंद तिला द्या आणि आपली पुसा. गटाच्या चॅटमध्ये पत्ता आणि संभाषण टाकू नका. तिथे वीस-पंचवीस फोन असतात आणि प्रत्येकाच्या गॅलरीत, बॅकअपमध्ये तो मजकूर राहतो.

प्रचारकांनी आता तास कळवायचे नसतात, मग अ‍ॅपमध्ये तासांचा रकाना कशाला?

१ नोव्हेंबर २०२३ पासून प्रचारकांनी तास, दिलेली प्रकाशनं, दाखवलेले व्हिडिओ आणि पुनर्भेटी कळवणं बंद झालं. त्या महिन्यात सेवाकार्यात भाग घेतला एवढी खूण आणि बायबल अभ्यासांची संख्या, बस. अ‍ॅप जुनं असेल किंवा अपडेट केलेलं नसेल तर जुने रकाने दिसतात. ते मोकळे सोडा, किंवा सेटिंगमध्ये ‘प्रचारक’ निवडून लपवा.

काहींना सवयीने तास लिहावेसे वाटतात. लिहायला हरकत नाही, पण का लिहितोय ते पाहा. महिन्याच्या शेवटी तो आकडा बघून स्वतःची दुसऱ्याशी तुलना होत असेल, तर रकाना बंद केलेला चांगला. घरी आजारी माणूस असलेल्या बहिणीने कष्टाने काढलेला अर्धा तास आकड्यात कधीच दिसत नाही.

पायनियरांसाठी काय?

पायनियर तास कळवतात. २०२३ मध्ये सामान्य पायनियरांची अपेक्षा वर्षाला ६०० तास, म्हणजे महिन्याला सरासरी ५० झाली. सहायक पायनियरांसाठी महिन्याला ३० तास, आणि मार्च, एप्रिल किंवा विभागीय पर्यवेक्षकांच्या (अनेक मंडळ्यांना भेटी देणाऱ्या भावांच्या) भेटीच्या महिन्यात १५ तासांचाही पर्याय असतो. अ‍ॅपमध्ये अजून जुने महिन्याचे ७० किंवा वर्षाचे ८४० तास दिसत असतील तर ध्येय हाताने बदला. आणि वर्ष सप्टेंबरपासून ऑगस्टपर्यंत धरलंय ना, हे नक्की तपासा. काही अ‍ॅप जानेवारीपासून मोजतात आणि मग ‘तुम्ही मागे आहात’ असा संदेश दाखवून उगाच धसका देतात.

टाइमर कधी सुरू करायचा, कधी थांबवायचा?

साक्ष द्यायला सुरुवात केली की सुरू, शेवटची भेट संपली की बंद. मधे जेवायला किंवा चहाला बसलात तर तो वेळ धरायचा नाही. टाइमर थांबवायला विसरला तर घाबरू नका, नोंद उघडून वेळ हाताने दुरुस्त करता येते. अंदाज करायचा झाला तर कमी बाजूने करा. काही फोनमध्ये बॅटरी वाचवणारी सोय मागे चालणारं अ‍ॅप बंद करते आणि टाइमर अडकतो. त्या अ‍ॅपला बॅटरीच्या सेटिंगमध्ये सूट द्या, किंवा सरळ सुरुवातीची आणि शेवटची वेळ लिहा. मी हा दुसरा मार्गच वापरते.

पुनर्भेट अ‍ॅपमध्ये ‘बायबल अभ्यास’ म्हणून कधी नोंदवायची? आणि मोजायची कशी?

अभ्यास कसा चालतो ते दाखवल्यानंतर आणखी दोन वेळा चर्चा झाली आणि ती पुढे चालू राहील असं वाटत असेल, तर तो अभ्यास म्हणून कळवता येतो. अ‍ॅपमध्ये इथे एक चूक नेहमी होते: एकाच व्यक्तीचा अभ्यास महिन्यात चार वेळा झाला की अ‍ॅप चार दाखवतं. कळवायचा आकडा मात्र वेगवेगळ्या अभ्यासांचा असतो, म्हणजे इथे एक. अहवाल पाठवण्याआधी हा आकडा स्वतः मोजून बघा. अ‍ॅपमधून थेट ‘शेअर’ करण्याआधी संदेशात काय जातंय तेही वाचा. काही अ‍ॅप अहवालाखाली पुनर्भेटींची यादीही जोडतात, आणि अहवाल घेणाऱ्या गट पर्यवेक्षकांना त्याची गरज नसते.

आठवण करून देणारी सूचना लावावी का?

जरूर. पण सूचनेत कुलूपबंद पडद्यावर काय दिसतं ते आधी तपासा. ऑफिसच्या टेबलावर फोन पडलाय आणि वर अमुक बाईंचं नाव, पत्ता, ‘नवऱ्याच्या निधनाबद्दल वचन’ असं उमटलंय, हे त्या बाईंवर अन्याय करणारं आहे. सूचनेत फक्त ‘पुनर्भेट’ एवढंच दिसेल असं सेटिंग करा.

फाइल बाहेर काढली, पण कॉम्प्युटरवर मराठीऐवजी भलतीच चिन्हं दिसतात.

नोंदी शाबूत आहेत, उघडण्याची पद्धत चुकते आहे. सीएसव्ही फाइलवर डबल क्लिक करू नका. एक्सेल आधी उघडा, ‘डेटा’मधून मजकूर फाइल आयात करा आणि एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा. अक्षरं जागेवर येतात. काम झालं की ती फाइल डाउनलोड फोल्डरमधून आणि रिसायकल बिनमधूनही काढा. घरातला कॉम्प्युटर मुलं, पाहुणे, सगळेच वापरतात.

फोन हरवला तर?

दुसऱ्या फोनवरून किंवा कॉम्प्युटरवरून आपल्या खात्यात जाऊन हरवलेला फोन दुरून पुसा. ही सोय अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींत आहे, पण ती आधी चालू केलेली असावी लागते. आज संध्याकाळी पाच मिनिटं काढून बघा. संमतीने नोंदवलेली नावं-नंबर फोनमध्ये असतील तर वडिलांना कळवा. त्या लोकांना सांगायचं की नाही, ते वडिलांशी बोलून ठरवा.

नवा फोन घेताना जुन्यातलं अ‍ॅप काढण्याआधी बॅकअप नव्या फोनवर उघडून बघा. ‘बॅकअप झाला’ हा संदेश पुरेसा नाही, दोन-तीन नोंदी डोळ्यांनी पाहा. अँड्रॉइडवरून आयफोनवर जाताना तर बऱ्याच अ‍ॅपचा बॅकअप चालतच नाही, तिथे फाइलच लागते.

वयस्कर भाऊ-बहिणींना जमेल का?

जमतं, फक्त एका बैठकीत सगळं शिकवू नका. अक्षरं मोठी करा, नको असलेले रकाने लपवा, पत्ता-तारीख-प्रश्न एवढे तीनच ठेवा. बोटं थरथरत असतील तर बोलून लिहिण्याची सोय मराठीतही चांगली चालते. ती जिन्यात मात्र वापरू नये, मोठ्याने सांगितलेलं सगळं शेजारच्या दारापर्यंत जातं. आजी-आजोबांना कागदच बरा वाटत असेल, तर सोबतच्या तरुणाने त्यांना तो आनंदाने वापरू द्यावा.

नोंदी किती दिवस ठेवायच्या?

‘घरी नाही’च्या नोंदी त्या क्षेत्राचं काम संपेपर्यंत. क्षेत्र परत करताना उरलेली घरं पुढच्या प्रचारकाला द्या आणि आपल्याकडची यादी पुसा. पुनर्भेटीची नोंद, जोवर भेटी चालू आहेत तोवर. तीन-चार वेळा जाऊन भेट झाली नाही, किंवा त्यांनी आवड नसल्याचं सांगितलं, तर ती नोंद ‘कधीतरी उपयोगी पडेल’ म्हणून सांभाळू नका. मी दर महिन्याच्या शेवटी अहवाल दिल्यावर यादी वरपासून खालपर्यंत वाचते, आणि ज्या नोंदीखाली पुढची तारीख नाही, तिथे एकतर तारीख टाकते नाहीतर ती पुसते. बॅकअपमधूनही जुनं निघावं म्हणून लगेच नवा बॅकअप घेते आणि आधीचा काढून टाकते.

मी दुसऱ्या मंडळीत चाललोय. माझ्या पुनर्भेटींचं काय?

सगळी यादी एका झटक्यात कोणाला पाठवू नका. प्रत्येकाकडे एकदा स्वतः जा, शक्य असेल तर जो किंवा जी पुढे येणार आहे त्यांना सोबत घेऊन. ‘मी आता इथे नसेन, हे भाऊ आले तर चालेल का?’ असं विचारा. हो म्हणाले तर तेवढ्याच नोंदी त्या भावाला द्या, शेवटी सोडलेल्या प्रश्नासकट. ज्यांना फक्त तुमच्याशीच बोलायचं होतं, त्यांची नोंद पुसून निरोप घ्या. आवड असेल तर त्यांना जेडब्ल्यू डॉट ओआरजी दाखवून ठेवा, तिथून ते स्वतः भेटीची विनंती करू शकतात.